उद्यानविद्या पदविका, नाशिक: कॉलेजचं सत्र आणि बागेचा हंगाम यांची सांगड कशी घालायची?

शिवारपाटी
कम्युनिटी कॉलेजच्या एक वर्षाच्या उद्यानविद्या पदविकेला प्रवेश झाला आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू होतील. पहिल्या सत्रात माती, वनस्पतीची ओळख आणि रोपवाटिका, दुसऱ्यात फळबाग, भाजीपाला, फुलशेती आणि काढणीपश्चात हाताळणी. प्रात्यक्षिकांची यादी लांबलचक आहे, पण कुठलं काम कोणत्या महिन्यात हे त्यात कुठेच नाही. जाणकारांना तीन प्रश्न:
१. नाशिकच्या हंगामाप्रमाणे वर्षभरात हाताखालून काय काय जायलाच हवं?
२. कलमं फुटतात आणि मग सुकतात, ते का?
३. स्वतःची कोणती हत्यारं घ्यावीत?

गोदातीर
पहिला प्रश्न अगदी मोक्याचा आहे. या अभ्यासक्रमातली निम्मी प्रात्यक्षिकं चुकीच्या महिन्यात होतात, कारण यादी सत्राप्रमाणे लावलेली असते आणि झाड सत्र ओळखत नाही. द्राक्षाचं कलम 'फळबाग' विषयात म्हणून ते दुसऱ्या सत्रात, म्हणजे जानेवारीनंतर. शेतात मात्र हे काम ऑगस्टचा दुसरा आठवडा ते सप्टेंबरअखेर चालतं. जानेवारीत वर्गात टेबलावर दोन सुक्या काड्या जोडून दाखवल्या जातात, वहीत आकृती येते, सही होते, आणि हाताला काहीच येत नाही.

त्यामुळे पहिल्याच आठवड्यात यादी महिन्यांप्रमाणे नव्याने मांडा आणि विषयशिक्षकांना भेटा. दुसऱ्या सत्रातलं काम ऑगस्टमध्ये करून वहीत तारखेसह नोंदवायला बहुतेक शिक्षक आनंदाने परवानगी देतात. फक्त आधी विचारावं लागतं.

नाशिकचा क्रम साधारण असा लागतो. ऑगस्ट-सप्टेंबर हे कलमांचे महिने: द्राक्षाचं जागेवरचं पाचर कलम, आंब्याचं कोय कलम, म्हणजे कोयीतून आलेल्या कोवळ्या रोपावरचं (ते ऑगस्टच्या पुढे ढकलू नका), डाळिंबाची गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडणं. सप्टेंबरच्या शेवटी द्राक्षाची काडी तपासणी, म्हणजे डोळा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली आत घड आहे की नुसती बाळी (वेलीचा ताणा), ते पाहणं. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची) आणि पेस्टिंग (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावणं). ऑक्टोबर-नोव्हेंबरात उन्हाळ कांद्याची रोपं टाकणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गुलाबाचे डोळे भरणं, म्हणजे खुंटाच्या सालीत दुसऱ्या झाडाचा डोळा बसवणं. जानेवारी-फेब्रुवारीत खुंटकाड्यांची लागवड (खुंट म्हणजे ज्यावर कलम करतात ते मुळाकडचं झाड). फेब्रुवारी-मार्च काढणी आणि पॅकहाउस. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नवी काडी वाढवण्यासाठीची).

यात दोन ठिकाणी ओढाताण होते. गोडी छाटणीच्या वेळी सत्राच्या मध्यावरच्या चाचण्या असतात आणि खरड छाटणीच्या तोंडावर वार्षिक परीक्षा. काडी तपासणी आणि खरड छाटणी ही दोन कामं सुटली तर द्राक्षाचं वर्ष समजत नाही. ऑक्टोबरात दिसणारा घड एप्रिलच्या छाटणीनंतरच्या ४० ते ६० दिवसांत डोळ्यात तयार झालेला असतो. ज्याने एप्रिल पाहिला नाही त्याला ऑक्टोबरात 'घड का नाही' याचं उत्तर सापडत नाही.

श्रेयांक_वही
अभ्यासक्रमाच्या रचनेबद्दल थोडं, कारण हक्काचे तास किती ते ठाऊक असलं की मागता येतात. २०१३ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. त्या चौकटीत वर्षाला ६० श्रेयांक (क्रेडिट), त्यातले ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य शिक्षणाचे. एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचा वर्ग किंवा कार्यशाळा. शेतावरची उमेदवारी निम्म्या वजनाने मोजतात, म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास. आपली पदविका याच चौकटीत आहे ना, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. असेल तर कौशल्याचे ३६ श्रेयांक कुठे, कोणाच्या शेतावर भरून निघणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

नाशिकमध्ये दुसरा मार्ग यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा. स्थापना १९८९ ची, मुख्यालय गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला आणि कृषी विज्ञान केंद्र त्याच आवारात. शिक्षण मराठीतून आणि अभ्यासकेंद्रांमार्फत. तिथे संपर्क सत्रं मोजकी असतात, त्यामुळे हंगामाची आखणी स्वतःच करावी लागते.

चार वर्षांची उद्यानविद्या पदवी ही वेगळी वाट आहे: बारावी विज्ञान, सीईटी आणि कृषी विद्यापीठ. पदविकेने पदवीची जागा भरून निघत नाही, पण रोपवाटिका, बाग व्यवस्थापन आणि पॅकहाउस यांत हाताचं कौशल्यच पाहतात.

काडीकलम
द्राक्षाचं पाचर कलम सविस्तर लिहितो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येईल.

खुंट डॉगरिज किंवा ११० आर जातीचा. खुंटाला दोन सरळ फुटी बांबूला बांधून वाढवलेल्या असतात. कलम जमिनीपासून एक ते दीड फुटावर. त्या उंचीवर फूट ८ ते १० मिलिमीटर जाडीची, म्हणजे शिसपेन्सिलीएवढी, आणि तपकिरी होऊ लागलेली हवी. हिरवी असेल तर चीर देताना पिचते, फार जून असेल तर चीर सरळ जात नाही. आदल्या दोन-तीन दिवसांत पाणी देऊन खुंट तजेलदार ठेवा.

सायन काडी (खुंटावर बसवायची, हव्या त्या वाणाची काडी) एप्रिल छाटणीनंतरची, पक्व, खुंटाच्याच जाडीची. ती सकाळी काढायची, पानं लगेच छाटायची (देठाचा तुकडा राहू द्या) आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायची. कार्बेन्डाझिम लिटरला एक ग्रॅम, त्या पाण्यात काही मिनिटं बुडवून निथळू द्या. काडी दोन डोळ्यांची. खालच्या डोळ्याच्या खाली दोन्ही बाजूंनी चार ते पाच सेंटिमीटरचा पाचरीचा काप.

खरी मेख या कापातच आहे. प्रत्येक बाजू एकाच ओढीत सपाट उतरली पाहिजे. काप झाला की पाचर उजेडाकडे आडवी धरून तिच्या कडेला पट्टी लावून बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर तिथे पोकळी राहणार. दुसऱ्यांदा चाकू घासून काप 'सुधारू' नका, त्याने मध्ये फुगवटा येतो आणि पाचर फक्त त्या फुगवट्यावर टेकते. काडी टाकून द्या, नवी घ्या. सालीच्या लगेच आत हिरवट, ओलसर, निसरडी रेघ दिसते, तो कॅम्बियम. खुंटाची आणि काडीची ही रेघ एकमेकींना भिडली तरच सांधा. काडी बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका कडेला सरकवून तिथली साल सालीला जुळवा. मधोमध बसवलेली बारीक काडी दिसायला नीटनेटकी, पण तिची रेघ कुठेच लागत नाही.

पट्टी खालून वर गुंडाळायची, म्हणजे कौलांसारखा वरचा फेरा खालच्यावर चढतो आणि पावसाचं पाणी सांध्यात शिरत नाही. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक फेऱ्यात पाणी अडतं. काडीचं वरचं टोकही झाका.

आता फुटून सुकण्याबद्दल. डोळा फुटायला काडीतला साठवलेला अन्नसाठाच पुरतो. १५ ते २० दिवसांत फूट दिसते ती बहुधा त्याच जोरावर. पानं उघडली की पाण्याची मागणी वाढते, आणि सांध्यातून नळ्या जुळलेल्या नसतील तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फूट माना टाकते. म्हणून फूट मोजून यश लिहू नका. दर दहा कलमांमागे एक कलम पंधराव्या दिवशी सोडून बघा. कापाच्या कडेने पांढरट, शेंगदाण्याच्या कुटासारखा दाणेदार थर आला असेल तर सांधा भरतोय. काप तपकिरी आणि कोरडा असेल तर पोकळी होती. काळा आणि ओला असेल तर पाणी शिरलं. त्या एका कलमाचा बळी जातो, पण बाकीच्या नऊंचं निदान हातात येतं.

कलमानंतर खुंटाची फूट दर तीन-चार दिवसांनी काढत राहा. डॉगरिजचा जोर एवढा की आठवडाभर दुर्लक्ष झालं तर सगळा रस खालच्या फुटीत जातो. दीड-दोन महिन्यांनी पट्टीला मागून उभा छेद द्या, नाहीतर ती रुतते आणि सांध्यावर गळा पडतो.

हिरवी_फांदी
हे ऑगस्टमध्येच का? वर्गाच्या सोयीने जानेवारीत केलं तर?

काडीकलम
ऑगस्ट-सप्टेंबरात हवा दमट, तापमान तिशीच्या आसपास, म्हणजे काडी सुकत नाही आणि सांधा लवकर भरतो. शिवाय एप्रिलची काडी तेव्हाच पक्व होऊन हाताशी येते. थंडीत गाठ भरण्याचा वेग मंदावतो. थंडी संपताना वेल कापली तर काडीतून पाणी ठिबकतं, ते सांध्यात साचतं आणि दोन कापांच्या मध्ये पाण्याचा पडदा राहतो.

बागलाणी_डाळिंब
गुटीबद्दल. फांदी पेन्सिलीएवढी, साधारण वर्ष-दीड वर्षाची. अडीच ते तीन सेंटिमीटर रुंद सालीचं कडं काढायचं. साल निघाली की आतलं लाकूड चाकूच्या पाठीने खरवडून निसरडेपणा पूर्ण घालवा. वर्गात हमखास चुकतं ते इथे. निसरडा थर राहिला तर साल वरून खाली पुन्हा जुळते, पानांत तयार झालेलं अन्न खाली वाहून जातं आणि मुळं फुटतच नाहीत. मुळं येतात ती कड्याच्या वरच्या काठाला, म्हणून संजीवकही (मुळं फुटायला मदत करणारं द्रव्य) वरच्याच काठाला लावायचं. शेवाळ भिजवून मुठीत घट्ट पिळा, बोटांतून पाणी गळायचं थांबलं की तेच योग्य ओलं. ओलं गच्च बांधलं तर साल कुजते. प्लॅस्टिक दोन्ही टोकांना घट्ट. साधारण ३० ते ४५ दिवसांत प्लॅस्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी असताना कापू नका, तपकिरी छटा येऊ द्या. आधी अर्धा काप, आठवड्याने पूर्ण, मग पिशवीत लावून सावलीत.

मातृवृक्ष (ज्याच्यावरून रोपं करायची ते झाड) तेल्यामुक्त बागेतलाच हवा. सटाणा, देवळा, मालेगाव पट्ट्यात तेल्या रोग नव्या बागेत पोहोचण्याची मोठी वाट रोपांचीच आहे. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर (छाटणीची कात्री) सोडियम हायपोक्लोराइटच्या अडीच टक्के द्रावणात बुडवा. प्रात्यक्षिकात ही सवय लागली नाही तर नोकरीतही लागत नाही.

हिरवी_फांदी
संजीवक म्हणजे आयबीए (इंडोल ब्युटिरिक आम्ल) ना? कॉलेजात पावडर गरम पाण्यात टाकून ढवळतात. २००० पीपीएम करायचं तर किती घ्यायची?

बागलाणी_डाळिंब
गरम पाण्यात नको. आम्ल स्वरूपातलं आयबीए पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तळाशी दाणे राहतात, वरचं पाणी कमी ताकदीचं आणि शेवटचं गाळवट जास्त ताकदीचं. मग पहिल्या विद्यार्थ्याच्या गुटीला मुळं नाहीत आणि शेवटच्याची साल काळी.

एक पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम. १०० मिलिलिटर द्रावण २००० पीपीएमचं करायला २०० मिलिग्रॅम आयबीए. ते ५० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळू द्या, मग ढवळत ढवळत ऊर्ध्वपातित पाणी थोडं थोडं घालून १०० पर्यंत आणा. द्रावण दुधाळ झालं तर आयबीए बाहेर पडलंय असं समजा, थोडं अल्कोहोल अजून लागेल. बाटलीवर 'पोटॅशियम क्षार' लिहिलेलं असेल तर मात्र तो थेट पाण्यात विरघळतो. लेबल वाचूनच ठरवा. तयार द्रावण गडद बाटलीत, फ्रीजमध्ये, तारीख लिहून.

हाच हिशेब जीएसाठी (जिबरेलिक आम्ल, हेही एक संजीवक): एक ग्रॅम १०० लिटरमध्ये म्हणजे १० पीपीएम. लेखी परीक्षेत हे गणित येतंच, आणि बागेत तर रोज येतं.

चुनखडी
माती प्रात्यक्षिकाकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून लिहिते. नाशिकच्या काळ्या जमिनीत चुनखडीचा प्रश्न मोठा आहे आणि तो प्रयोगशाळेच्या टेबलावर अगदी डोळ्यांनी दिसतो. घड्याळकाचेत चमचाभर माती घ्या, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. काहीच झालं नाही तर मुक्त चुना नगण्य. कान जवळ नेल्यावर बारीक चरचर ऐकू आली तर थोडा. माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसून वर आली तर भरपूर, अशा जमिनीत फळबाग लावताना खुंट आणि पीक दोन्ही विचारपूर्वक निवडावं लागतं. हाच प्रयोग खड्ड्याच्या वेगवेगळ्या थरांवर करा. वरचा एक फूट स्वच्छ आणि खाली दोन फुटांवर पांढरा थर, असं आपल्याकडे खूपदा निघतं. म्हणून फळबागेसाठी नमुना तीन थरांचा: ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर, तिन्ही वेगळ्या पिशव्यांत. भाजीपाल्याला वरचे १५-२० सेंटिमीटर पुरतात.

बांध, झाडाची सावली, शेणखताचा ढीग आणि नुकतं खत टाकलेली जागा टाळा. सगळे खड्डे मिळून आलेली माती गोणपाटावर पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेली मिसळून पुन्हा तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरपं आणि जस्ताची बादली नको, लाकडी पट्टी आणि प्लॅस्टिकचं घमेलं वापरा. नाहीतर अहवालात आलेलं लोह आणि जस्त मातीचं नसून हत्याराचं असतं.

सामू (पीएच) काढताना २० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, अर्धा तास मधून मधून ढवळणं. मीटर आधी ७ आणि ९.२ च्या बफरवर लावून घ्या. आपल्या जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास, त्यामुळे फक्त ४ आणि ७ वर लावलेला मीटर नेमका आपल्याच टापूत भरवशाचा राहत नाही.

याचा बागेशी संबंध: कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. शेतकरी हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकतो, पण चुनखडीत लोह लगेच न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि पान पिवळंच राहतं. ईडीटीए चिलेटही (लोह धरून ठेवणारं संयुग) एवढ्या सामूला टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. दुकानात दोन्ही 'चिलेटेड लोह' म्हणूनच मिळतात, म्हणून पिशवीवरची अक्षरं वाचा.

रोपवाटिका_दिंडोरीरोड
रोपवाटिकेच्या भागात ट्रेचं काम येईल. सरावाला टोमॅटो घ्या, चुका लवकर दिसतात.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवून साधारण ७० लिटर भुसा होतो. भिजवलं की पिळून निघालेल्या पाण्याची क्षारता मोजा. एक मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर असेल तर गोड पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. नुसतं धुऊन चिकटलेला सोडियम पूर्ण सुटत नाही, म्हणून रोपवाटिकावाले कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा धुतात. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये उगवण बरी होते, पण पहिल्या खऱ्या पानाच्या कडा करपतात. मग बियाणं खराब म्हणून ओरड होते.

९८ कप्प्यांच्या ट्रेला भिजवलेलं साधारण सव्वा किलो लागतं. कप्पा भरून हलकेच दाबा, ठोकून गच्च करू नका. बी अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे दहा-दहाच्या थप्पीत प्लॅस्टिकने झाका. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ थप्पी उघडून पाहायची, आणि पहिले मोड दिसताच सगळे ट्रे शेडनेटमध्ये पसरायचे. एक रात्र उशीर झाला की रोपं लांब, पांढरट दोऱ्यासारखी होतात आणि नंतर काही केलं तरी खोड भरत नाही. कॉलेजात हे नेमकं शनिवार-रविवारी घडतं, म्हणून पेरणी सोमवारी करा.

रोपं कोलमडण्याचं मुख्य कारण जास्त पाणी. पाणी सकाळी, आणि ट्रे उचलून वजनावरून. हलका लागला तरच. संध्याकाळी पानं ओली राहिली की मातीलगत खोड पाणचट होऊन रोप आडवं पडतं. लागवडीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करून रोपं उन्हाला सरावू द्या. २५ ते ३० दिवसांचं रोप लावायचं. कप्प्यात मुळांचा गुंता तपकिरी झाला तर उशीर झाला.

कांदा ट्रेत नको, गादीवाफ्यावर. बियाणं गेल्या हंगामाचंच घ्या, कांद्याची उगवणशक्ती वर्षभरानंतर झपाट्याने घसरते. वर्गात ओल्या कागदावर १०० बिया ठेवून सहाव्या आणि बाराव्या दिवशी मोजा. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. वाण एन-२-४-१ घेतलात तर आपल्याच पिंपळगाव बसवंतचा आहे.

गुलशनाबाद
गुलाबाच्या डोळ्याबद्दल थोडक्यात. खुंटाची साल सहज सुटत असेल त्याच दिवशी काम करा. चाकूचं टोक घातल्यावर साल लाकडाला चिकटून फाटत असेल तर आदल्या दोन दिवसांत पाणी कमी पडलंय. इंग्रजी टी अक्षराचा छेद जमिनीलगत, डोळा ढालीच्या आकाराचा, मागे लाकडाचा तुकडा राहिला असेल तर तो नखाने हळूच सोडवायचा. डोळ्याच्या मागचा बारीक हिरवा ठिपका त्याबरोबर निघून आला तर डोळा आंधळा, तो भरला तरी फुटत नाही. पट्टी बांधताना डोळा उघडा ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी देठाचा तुकडा बोट लावताच गळून पडला तर जुळलं. वाळून चिकटून राहिला तर गेलं.

शिवारपाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. यादी महिन्यांप्रमाणे मांडायला घेतली आहे. उमेदवारी पॉलिहाउसमध्ये करावी की द्राक्षबागेत? कॉलेजकडून दोन्ही पर्याय आहेत.

शेडनेट_शिलेदार
पॉलिहाउस. बारा महिने काम, पगार बरा, आणि खत-पाण्याचं रोजचं मोजमाप शिकायला मिळतं.

गोदातीर
इथे मतभेद नोंदवतो. पॉलिहाउसात मोजमाप शिकता येतं हे खरं, पण तिथे बहुतेक निर्णय आधीच झालेले असतात: कुंडीत काय, टाकीत किती, किती मिनिटं. उमेदवाराच्या वाट्याला फुलं तोडणं आणि पानं काढणं येतं. नाशिकमध्ये शिकताय तर द्राक्षबागेत सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर मागा. काडी तपासणी, छाटणी, पेस्टिंग, फेलफूट (नको असलेल्या फुटी) काढणी, विरळणीची सुरुवात हे सगळं साठ दिवसांत ओळीने दिसतं. छाटणीत सबकेन (शेंडा खुडल्यावर गाठीतून निघालेली काडी) असेल तर गाठीच्या पुढचा डोळा राखतात, सरळ काडी असेल तर सहा ते आठ डोळ्यांवर कापतात. पण नेमका कितवा डोळा, हे तपासणीचा अहवाल सांगतो. तो अहवाल हातात धरून छाटणी होत असलेली बाग निवडा.

पेस्टिंगबद्दल एक काळजीची गोष्ट. त्यात वापरलं जाणारं हायड्रोजन सायनामाइड त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातं. रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या, आणि काम झाल्यावर आंघोळ. आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस मद्य पूर्ण वर्ज्य, कारण दोन्ही एकत्र आले की चेहरा लाल होणं, धडधड, रक्तदाब उतरणं असा गंभीर त्रास होतो. हे मजुरांना कोणी सांगत नाही. विद्यार्थ्याने तरी सांगावं.

शीतसाखळी
आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये किमान दोन आठवडे पॅकहाउस. ओझर, पिंपळगाव, दिंडोरी पट्ट्यात ठिकाणांची वानवा नाही. गोडी मोजताना नुसता वरचा मणी चाखून किंवा पिळून आकडा लिहू नका. घडाच्या खांद्याचे मणी गोड असतात, शेंड्याचे मागे राहतात. वरचे, मधले, खालचे मणी एकत्र पिळा. रिफ्रॅक्टोमीटर ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्याला आणा, काच दर वेळी पुसा, नाहीतर मागच्या घडाची साखर पुढच्या आकड्यात मिसळते. घड तोडल्यापासून प्रीकूलिंगच्या (माल झटपट गार करण्याच्या) खोलीत जाईपर्यंत किती तास गेले, ही नोंद ठेवा. देठ हिरवा राहणं यावर अवलंबून असतं. मणी चांगला आणि देठ तपकिरी, असा माल परदेशी बाजारात मार खातो.

श्रेयांक_वही
पुढे स्वतःची फळरोपवाटिका काढायची असेल तर आत्ताच एक सवय लावा. महाराष्ट्रात १९६९ च्या फळ रोपवाटिका कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि खुंट कुठून आला, सायन कोणत्या मातृवृक्षाची, याची नोंद ठेवावी लागते. प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रत्येक कलमाला क्रमांक द्या: तारीख, खुंट, सायनचा स्रोत, काडीची जाडी, बांधणारा कोण, पंधराव्या दिवशी काय दिसलं, तिसाव्या दिवशी काय, आणि गेलं तर कापाचा रंग. 'यश ७० टक्के' एवढंच लिहिलेली वही कोणाच्या कामाची नाही. तोंडी परीक्षेतही परीक्षक बहुतेक 'गेलेली का गेली' हेच विचारतात.

चुनखडी
ओळख परीक्षेसाठी: खतांचे नमुने बाटलीत बघून पाठ करू नका. कॅल्शियम नायट्रेट उघडं ठेवलं की हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, युरिया पाण्यात टाकला की भांडं गार लागतं. हाताला कळलेलं विसरत नाही.

शिवारपाटी
शेवटचं: हत्यारं? आणि वर्गात एक मुलगी डावखुरी आहे, तिची कलमं सारखी तिरकी कापली जातात. काही उपाय?

काडीकलम
तिचा हात चुकत नाहीये, चाकू चुकतोय. कलमचाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू काडीकडे राहिली तर काप सपाट उतरतो. दुकानात मिळणारे चाकू बहुतेक उजव्या हाताचे. तेच डाव्या हातात धरले की उतरती बाजू काडीकडे येते आणि पातं आपोआप बाहेर ढकललं जातं. डाव्या हाताचा चाकू मागवून घ्या. तो येईपर्यंत दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेला पातळ चाकू वापरला तर निदान तिरकेपणा जाईल.

बाकी यादी छोटी आहे: कलमचाकू, एक पातं दुसऱ्यावरून सरकत जाणारं सिकेटर (वरचं पातं खालच्या पट्टीवर आदळणारं नको, ते काडी चेंगरतं), बारीक धारेचा दगड, दोन सेंटिमीटरची कलमपट्टी, दहापट भिंग, स्पिरिटची बाटली. धार लावताना फक्त उतरती बाजू घासा, सपाट बाजू शेवटी एकदाच दगडावर पूर्ण टेकवून फिरवा, म्हणजे मुरड निघेल. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. न फाटता चिरला गेला तर चाकू तयार. साधारण वीस-पंचवीस कलमांनंतर हीच चाचणी पुन्हा करा, आणि तिलाही करायला सांगा.